पाणी सोडलंत का?

थिनरमध्ये भिजवलेलं फडकं जिथं तिथं ठेवू नये, हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नसलेल्या गोष्टींत माझ्या हातून चुका क्वचित होतात, ठाऊक असलेल्यांत हमखास. त्या सकाळी मी परसातल्या कोट्टिलात, म्हणजे गाय गेल्यावर रिकाम्या पडलेल्या गोठ्यात, एका टेबलफॅनची पाती पुसत होतो. आतून आत्यानं कॉफीला हाक मारली आणि मी फडकं हातात घेऊनच घरात गेलो. कॉफीचा पितळी तंबलर चटके देणारा. तो धरायला दोन्ही हात हवेत. म्हणून फडकं जवळच्या जवळ, जे काही सपाट आणि सोयीचं दिसलं त्यावर ठेवलं. ते सपाट आणि सोयीचं म्हणजे माझ्या बायकोच्या वीणेच्या पोटावरची फळी होती. कॉफी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. फडकं उचललं तेव्हा त्याच्याबरोबर तीसपस्तीस वर्षांचं पॉलिशही उचललं गेलं. खाली फणसाचं कोरं लाकूड उघडं पडलं, बरोबर फडक्याच्या आकाराचं. एका कोपऱ्यावर फडक्याला दुमड होती, तीसुद्धा हुबेहूब उमटली होती.

आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. पुढे तिण्णै, त्या ओट्यावर माझे वडील, नाना, वर्तमानपत्र घेऊन बसायचे. आत एकच मोठी खोली, तिथंच जेवणं, तिथंच पाहुणे, तिथंच अंबूची वीणा. मागे स्वयंपाकघर, विहीर आणि कोट्टिल. गल्लीतली बरीच घरं आमच्यासारखीच होती, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि रागावल्यावर दोन्ही. एकदा पुण्याहून आलेला एक पाहुणा म्हणाला, तुमची मराठी ऐकली की आमचे खापरपणजोबा बोलताहेत असं वाटतं. नाना म्हणाले, त्यांनी गाठोडं नीट बांधून दिलं होतं, आम्ही गाठ सोडली नाही. मला देवनागरी नानांनीच शिकवली, इंटरमध्ये मी नापास झालो त्या सुट्टीत, शिक्षा म्हणून. ती शिक्षा आज उपयोगी पडते आहे. माझ्या नातवंडांना मात्र हे पान कुणीतरी वाचून दाखवावं लागेल, आणि तो वाचणारा बहुधा मीच असेन. म्हणजे स्वतःची फजिती मला दोनदा भोगायची आहे.

अंबू आमच्या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर दोन ट्रंका आणि ही वीणा आली. वीणा तिच्या वडिलांची. ते कुंभकोणाकडे वीणा शिकवत. मुलीनं रेडिओवर वाजवावं ही त्यांची इच्छा; अर्ज त्यांनीच लिहिला होता, पण पोस्टात टाकायच्या आधी ते गेले. लग्नानंतर दोन वर्षांनी अंबूनं तोच अर्ज नव्या कागदावर उतरवला आणि नानांपुढे ठेवला. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सुनेनं रेडिओत वाजवायचं म्हणजे गल्लीनं काय म्हणायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर पूर्ण वाचता येत होता. शेवटी म्हणाले, "मी एकदा हो म्हणतों. एकदाच. जाऊन ये, निवड झाली तर झाली. पुन्हा पुन्हा हो म्हणायचं माझं वय नाही." अंबूनं वाकून नमस्कार केला. दिवाळीनंतर तिरुचीच्या रेडिओकडून कार्ड आलं: वादनाच्या परीक्षेला बरोबर बावीस दिवस होते. आणि कार्ड आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी कॉफी प्यायलो.

आता कोट्टिलातल्या त्या यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण खरा गुन्हेगार फडकं नव्हे. मी तेव्हा बियाण्याच्या गुदामातली कारकुनी सोडून पंखे, सायकली, लोखंडी पेट्या रंगवायचा धंदा घरीच मांडला होता. कुंचल्यानं रंगवलेला पंखा कुंचल्यानं रंगवल्यासारखाच दिसतो. मला तो कारखान्यातून आल्यासारखा दिसायला हवा होता, आणि त्यासाठी दाबलेला वारा हवा होता. सेल्वम नावाचा बसगाड्यांचा फिटर माझ्या ओळखीचा होता. त्यानं भंगारात गेलेल्या एका लॉरीच्या ब्रेकचा कंप्रेसर आणला, त्याच लॉरीची वाऱ्याची टाकी आणली, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर बसवली, मध्ये पट्टा चढवला. टाकीच्या डोक्यावर दाब दाखवणारं घड्याळ, शेजारी जादा वारा आपोआप सोडून देणारी झडप, तिथून रबरी नळी, आणि नळीच्या टोकाला रंगाची गन. मोटर सुरू झाली की घरभरचे दिवे मंद व्हायचे. पावसाळी अंधारात वाचत बसलेले नाना वर्तमानपत्र डोळ्यांजवळ न्यायचे, आणि दिवे उजळले की पुन्हा मांडीवर ठेवायचे, तक्रार न करता. अंबू म्हणायची, तुमचं यंत्र साडेतीन कट्टैत ओरडतं. कट्टै म्हणजे आमच्याकडचं स्वराचं माप. तिची वीणा चारात लागायची, त्यामुळे दोघांचा रियाज एका वेळी होत नसे.

यंत्र सुरू केलं ते आयुधपूजेच्या सकाळी. सेल्वमनं टाकीला चंदनाची बोटं ओढली, कुंकू लावलं, मोटरीच्या चाकाला शेवंतीची माळ घातली, लिंबू चिरून दोन्ही अंगांना ठेवलं, कापूर लावला आणि बटन दाबलं. त्याबरोबर घराचा फ्यूज उडाला. मी पुढच्या दाराशी फ्यूज बांधायला धावलो. तबक धरून अंबू तिथंच उभी होती, म्हणून यंत्र कसं सांभाळायचं ते सेल्वमनं तिलाच बोटानं दाखवत तमिळमधून सांगितलं आणि तो पुढच्या पूजेला गेला. मी परत आलो तेव्हा तिनं मला जसंच्या तसं सांगितलं: आठवड्याला तेल बघायचं, पट्टा ढिला पडू द्यायचा नाही, आणि रोज चालू करायच्या अगोदर पाणी सोडायचं. हे शेवटचं त्यानं तीनदा सांगितलं, विसरायचं नाही म्हणे.

पाणी सोडणं हा आमच्या घरातला रोजचा शब्द. नाना सकाळी संध्येला बसत आणि तळहातावर पळीनं पाणी घेऊन ताम्हनात सोडत. कुठलंही दान द्यायचं तर आधी उदक सोडत. जेवताना पानाभोवती पाणी फिरवत. चंदन, कुंकू, लिंबू, कापूर आणि मग पाणी: मला त्यात काहीच खटकलं नाही. उलट हसू आलं. म्हटलं, बसच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, आणि यंत्राला रोज अर्घ्य देतो. मी स्वतःला आधुनिक समजत असे म्हणून हसलो, आणि मुळात भित्रा होतो म्हणून रोज न चुकता केलं. देवघरातली एक जुनी पळी कोट्टिलात नेऊन ठेवली. सकाळी बटन दाबण्याआधी टाकीवर एक पळी पाणी सोडायचं. स्वयंपाकघरातून अंबू विचारायची, "पाणी सोडलंत का?" मी म्हणायचो, "सोडलं." ती समाधानानं भाजी चिरायला लागायची. दोघंही खरं बोलत होतो.

वीणेवरचा डाग तिनं पाहिला तेव्हा ती ओरडली नाही. कॉफीचा तंबलर माझ्या हातात तसाच होता. तिनं पदराचं टोक त्या उघड्या लाकडावरून फिरवलं, वास घेतला आणि म्हणाली, "वाजवायला पॉलिश लागत नाही. राहूं द्या." आज इतक्या वर्षांनी मला पुन्हा पुन्हा वाटतं की त्या क्षणी मी बहिरा असतो तर बरं झालं असतं, तिचे ओठ वाचून तरी तिचं ऐकलं असतं. पण मी तिला म्हटलं, नव्यासारखी करून देतो. ती म्हणाली, किती दिवस. मी म्हटलं, तीन.

कोपऱ्यावर वीणा करणारे आसारी राहत, म्हातारे, कानावर पेन्सिल खोचलेले. अंबूच्या समाधानासाठी मी त्यांना विचारून आलो. ते म्हणाले, लाख हातानं चढवायची, फडक्यानं, थरावर थर, ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या, पावसात महिना लागेल. मी म्हटलं, माझ्याकडे वाऱ्याचं यंत्र आहे. आसारींनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खोचली. "बसला देतात तसा रंग वीणेला देणार का, तंबी?" एवढंच म्हणाले. मी तिथून निघालो तो चिडून, आणि चिडलेला माणूस घाईत असतो.

फडक्याचा डाग झाकायचा तर सगळी फळीच सारखी करायला हवी, म्हणून मी उरलेलं पॉलिशही थिनरनं काढून टाकलं. तारा सैल केल्या, पडदे आणि त्यांच्याखालचं काळं मेण वर्तमानपत्रानं झाकून सुतळीनं बांधलं. दुसऱ्या दिवशी टाकीवर पळीभर पाणी सोडलं, मोटर लावली, दिवे मंद झाले, नानांनी वर्तमानपत्र डोळ्यांजवळ नेलं, आणि मी गनमध्ये लॅकर भरून पहिला हात फिरवला. क्षणभर ती फळी अशी चमकली की तिच्यात मला कोट्टिलाचं छप्पर दिसलं. दुसऱ्या हाताला गन घसा खाकरल्यासारखी झाली आणि थुंकली. पाण्याचे टपोरे थेंब लॅकरवर पडले, पसरले, आणि बघता बघता सगळ्या फळीवर पांढरट साय धरली. वाळल्यावर ती साय तशीच राहिली. नाना मागच्या दारातून डोकावले आणि म्हणाले, वीणेनं विभूती फासली रे, किट्टू. संन्यास घेतला की काय हिनं?

मी सगळं काढलं आणि पुन्हा मारलं. पुन्हा पांढरं. लॅकर जुनं असेल म्हणून दुसरा डबा आणला. पांढरं. थिनर भेसळीचं असेल म्हणून पापनाशमला जाणाऱ्या एका ओळखीच्याकडून तिथल्या दुकानातलं मागवलं. पांढरं. बाहेर पाऊस धरलेलाच होता. विहिरीचं पाणी हातानं घेता येईल इतकं वर आलं होतं, भिंतींना ओल आली होती, आत्याचे पापड तळायला टाकले तरी आधी विचार करून मग फुलत होते. मी दोष पावसावर घातला. मग तमिळ वर्तमानपत्रावर घातला, जे सुतळीखालून शाई सोडत होतं. शेवटी शेवटी मी दोष स्वतःच्या भक्तीवर घातला. सेल्वमनं तीनदा सांगितलं होतं. एक पळी कमी पडत असेल. मी तीन पळ्या सोडू लागलो. मग केशवाय नमः, नारायणाय नमः म्हणत सोडू लागलो. दहाव्या दिवशी मी टाकीवर अख्खा सोम्बू, म्हणजे तांब्या, ओतला, आणि गन इतकी थुंकली की माझा चष्मा पांढरा झाला. स्वयंपाकघरातून रोजच्यासारखा प्रश्न आला, पाणी सोडलंत का, आणि मी रडायच्या बेतात ओरडलो की सोडलं, आज भरपूर सोडलं.

त्या दिवसांत घर माझ्याभोवती हळू पावलांनी चालत होतं. आत्यानं माझ्या आवडीची रसवांगी केली, डांगर पचडी केली, आणि मी ताटावर बसून वांग्याच्या फोडीत ते पांढरे डाग पाहत राहिलो. अंबू रियाजाला बसायची ती वीणेशिवाय. मांडीवर पाट आडवा घ्यायची, डाव्या हाताची बोटं त्याच्यावर पडद्यांच्या अंतरानं सरकवायची आणि उजव्या हाताच्या नखांनी हवेत छेडायची. पाटावर बोटांचा टपटप आवाज व्हायचा, तेवढाच. एक दिवस म्हटलं, आसारींची एखादी वीणा मागून आणतो. ती म्हणाली, "दुसऱ्याची वीणा म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. दिसेल, पण उंबरा चुकेल." आणि पुन्हा पाटावर टपटप. मला त्या आवाजापेक्षा कंप्रेसरचा आवाज बरा वाटायला लागला होता.

नऊ दिवस राहिले तेव्हा मी जे केलं ते सांगायला हात अडखळतो. मला वाटलं, ही साय म्हणजे ओल. ओल ऊब लागली की जाते. आत्या देवळात गेली होती, अंबू विहिरीवर होती. मी कोळशाची शेगडी पेटवली, कोट्टिलात वीणेपासून चांगली दोन हात लांब ठेवली आणि समोर बसलो. आणि साय खरोखर विरू लागली. कडेनं आधी, मग मधून, खालचं फणसाचं पिवळं लाकूड काचेखाली असावं तसं दिसायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी शेगडी जरा पुढे सरकवली. मग अजून जरा. मी पूर्ण वेळ फळीकडे पाहत होतो. वीणेच्या दांडीकडे, वर्तमानपत्राखाली काय चाललं आहे तिकडे, मी पाहिलंच नाही. सुतळीतून काळा थेंब गळून माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला तेव्हा कळलं. पडदे ज्या मेणात बसवलेले असतात ते मेण मऊ झालं होतं. कागद काढून पाहिला तर चोवीसांतले अकरा पडदे शेवाळावर पाय घसरलेल्या माणसांसारखे एकमेकांवर कलले होते.

फळीचं पॉलिश म्हणजे वीणेचे कपडे. पडदे म्हणजे तिची जीभ. अंबूच्या वडिलांनी ते पडदे स्वतः कानानं लावून घेतले होते, दोन दिवस आसारीशेजारी बसून. ही गोष्ट ती माहेरच्या आठवणीत पहिली सांगायची. मी शेगडीवर पाणी ओतलं. धूर झाला. धुरात उभा राहून मी विचार केला की ओरत्तनाडूला माझा मावसभाऊ आहे, त्याच्याकडे जावं आणि परीक्षेची तारीख उलटेपर्यंत येऊ नये. मी खरोखर चपला शोधू लागलो. एक सापडली. दुसरी शोधत होतो तेवढ्यात अंबू घागर घेऊन दारात आली.

तिनं घागर खाली ठेवली. वीणेजवळ बसली. एक तार हातानं ताणली आणि छेडली. सा आला. बोट पुढच्या पडद्यावर ठेवून छेडली. जो आला तो स्वर नव्हता, आवाज होता. तिनं बोट उचललं. माझ्या एका पायातल्या चपलेकडे पाहिलं. मग डोळे न पुसता उठली, ओल्या हातानंच पदर सावरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटी, भर सकाळी, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आसारींना बोलवायला गेली. तिण्णैवरून नानांनी तिला जाताना पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. नानांनी अर्ध्यावर घडी घातली म्हणजे काय, हे ज्यांना असे वडील मिळाले त्यांनाच कळेल.

आसारी आले, वीणेवर वाकले, अकरा पडदे मोजले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले की मेण सगळं काढून नवं घालावं लागेल, या हवेत ते धरायला वेळ घेईल, पण मी करतो. हिच्या वडिलांच्या हाताची खूण मला माहीत आहे, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते आमच्याकडे येऊन बसू लागले. घरात मेण आणि काजळीचा वास भरला. ते पडदा ठेवत, अंबू छेडून ऐके, मान हलवे, ते केसभर सरकवत, ती पुन्हा छेडे. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तोच एक स्वर, जरा वर, जरा खाली. त्या खोलीत मला काम नव्हतं आणि कुणी बोलवतही नव्हतं.

तिसऱ्या दुपारी मी कोट्टिलात यंत्रासमोर बसलो होतो. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. माणूस आजाऱ्याच्या खाटेशी बसतो तसा. सवयीनं पळी उचलली, सोम्बूत बुडवली आणि टाकीवर पाणी सोडलं, पुटपुटत. अंबू मला जेवायला बोलवायला आली होती आणि मागे उभी होती.

"हें काय करतां?" ती म्हणाली.

"पाणी सोडतोय."

"कुठं?"

"यंत्रावर. रोज सोडतो. तूच सांगितलंस."

तिनं माझ्या हातातल्या पळीकडे पाहिलं. मग खाली वाकली, टाकीच्या अगदी बुडाशी हात घातला, जिथं कोळिष्टकांखेरीज काही नसेल असं मी धरून चाललो होतो, आणि तिथली एक छोटी पितळी तोटी फिरवली. आधी फुस्स झालं. मग तांबूस, गंजकट, तेलकट पाणी पिचकारीसारखं बाहेर आलं आणि येतच राहिलं. कोट्टिलाची जमीन भिजली, माझं धोतर भिजलं, पाणी उंबऱ्यावरून परसात गेलं. अंबूनं सोम्बू खाली धरला. भरला, ओतला, पुन्हा भरला. सात सोम्बू मी मोजले. नंतर मोजायची लाज वाटली.

वाऱ्यात पाणी असतं. वारा दाबला की ते टाकीत जमतं, आणि रोज खालून सोडून दिलं नाही तर गनमधून बाहेर येतं. सेल्वमनं तमिळमध्ये सांगितलं होतं, तण्णि विडणुम. तमिळमध्ये झाडाला पाणी घालणं तेही तण्णि विडणं, आणि साठलेलं जाऊ देणं तेही तेच. तिनं बरोबर ऐकलं, बरोबर मराठी केलं. आणि आमच्या मराठीनं, जिची गाठ आम्ही दोनअडीचशे वर्षं सोडली नव्हती, मला तोटीच्या जागी पळी दिली. मी कितीतरी दिवस पाणी भरलेल्या टाकीला वरून अर्घ्य देत होतो.

मी तिथंच ओल्यात बसलो. आणि माझं मन कसलं बेशरम, पहा: पहिला विचार आला तो क्षमा मागायचा नव्हे. मी म्हटलं, अंबू, आता वारा कोरडा झाला, एक तास दे, आता फळी आरशासारखी करून देतो. ती म्हणाली, "वीणेला आता तुमचा वारा लागूं देऊं नका." आवाज चढवला नाही. मी पळी देवघरात नेऊन ठेवली.

तिरुचीच्या गाडीत वीणा माझ्या मांडीवर होती, घोंगडीत गुंडाळलेली. आसारी निघता निघता सांगून गेले होते की खालचं सगळं धरलं आहे, पण सगळ्यात वरचे दोन पडदे काल बसवले, मेण अजून कच्चं आहे. त्यांच्यावर जोर देऊ नका, हलले तर हलले. अंबू खिडकीशी बसून मांडीवर टपटप करत होती. तिला मी दोनदा विचारलं, वर जावंच लागलं तर? दोनदा ती बाहेरची भातशेतं पाहत राहिली.

तिथं मला दारापर्यंतच जाऊ दिलं. दार जाड होतं, पण पुरतं बसत नव्हतं. त्या फटीशी मी कान लावून उभा राहिलो, येणारे जाणारे शिपाई पाहत होते तरी. परीक्षक पडद्याआड होते. वीणा पांढरी की काळी हे त्यांना दिसणारही नव्हतं. ज्या चमकेसाठी मी एवढं रामायण केलं ती तिथं दिसायचीच नव्हती, हे तिथं उभं राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं. आतून एक आवाज रागाचं नाव सांगायचा, आणि ती वाजवायची. पहिला राग खालच्या अंगाचा होता. दुसराही निभला. तिसऱ्याला वर चढल्याशिवाय गत्यंतर नाही, एवढं संगीत दोन वर्षांच्या संसारात मलाही कळलं होतं. ती चढत गेली, एक एक पायरी, आणि कच्च्या मेणाच्या त्या दोन पडद्यांच्या अलीकडे थांबली. मी डोळे मिटले. मग स्वर आला. वरचा, हवा तोच, पण सरळ न येता खालून उचलून आणल्यासारखा, कापत, हळूहळू, आणि नेमक्या जागी पोचून थांबला. ती अलीकडच्या धरलेल्या पडद्यावरच बोट ठेवून तार बाजूला ओढत होती, इतकी की तुटायला हवी होती. पुन्हा ओढली. पुन्हा आला. माझ्या अपराधावरून ती एक बोट टेकून पलीकडे जात होती आणि पडद्याआडच्या माणसांना ती तिची कला वाटत होती. कदाचित तेव्हा ती कला झालीही असेल.

बाहेर आली तेव्हा तिच्या डाव्या हाताच्या बोटावर तारेची लाल रेघ खोल उठली होती. निकाल पुढे आला तो चांगला आला, हे इथंच सांगून टाकतो. तिचं वादन रेडिओवर लागलं त्या दुपारी नाना शेजाऱ्यांच्या तिण्णैवर, त्यांच्या रेडिओजवळची खुर्ची पकडून, तासभर आधी जाऊन बसले होते. आसारींनी लाख हातानंच चढवली, उन्हाळ्यात, सवडीनं. पण त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत आम्हांला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गाडी चालू झाली. आत्यानं दिलेला दहीभात तिनं उघडला, तर तिला उजव्या हातानं कालवता येत होता, पण डाव्या हातानं डबा धरवत नव्हता. म्हणून डबा मी धरला. तिचं ते बोट पाहून मला राहवेना. मी म्हटलं, झालं ते पुरे. उद्याच सेल्वमला बोलावतो, ते सगळं घेऊन जा म्हणतो, पंखे नकोत, वारा नको, मी गुदामात परत जातो. त्या यंत्रावर मी पाणी सोडलं.

अंबूनं तोंडातला घास संपवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वरून, कीं खालून?"